मागण्याचें धैर्य आणि मालवणी गाऱ्हाणें

मराठी वाङ्मयाचे जे प्रकार आमच्या पाठ्यपुस्तकांत आणि इतिहासग्रंथांत मानाचें पान मिळवून बसले आहेत, त्यांत गाऱ्हाण्याला जागा नाहीं. ओवी, अभंग, पोवाडा, लावणी, भारूड यांची आम्ही वर्गांत चर्चा करतों. विद्यार्थी त्यांवर निबंध लिहितात. परंतु मालवण, कुडाळ, वेंगुर्लें, देवगड या भागांत देवळाच्या सभामंडपांत, घराच्या अंगणांत, नारळी पौर्णिमेस समुद्राच्या कांठीं किंवा दशावतारी नाटकाच्या आरंभीं जें गद्य मोठ्यानें उच्चारलें जातें, त्याचा विचार वाङ्मय म्हणून करावा असें आमच्यापैकीं फारच थोड्यांस वाटलें असेल. आम्ही स्वतः त्याच मुलुखांत जन्मलों, लहानपणीं शेंकडों गाऱ्हाणीं ऐकलीं, आणि पुढें तीस वर्षें कॉलेजांत वाङ्मय शिकवूनही आम्हांस तें सुचलें नाहीं. तें कां सुचलें नाहीं व अलीकडे कां सुचलें, हें सांगणें हा या लेखाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु अधिक महत्त्वाचा आहे. दुसऱ्याजवळ मदत मागण्याची जी भीति आम्हां सुशिक्षितांच्या हाडीमासीं खिळली आहे, तिच्यावर अशिक्षितांचा म्हणून गणल्या जाणाऱ्या या वाङ्मयप्रकारानें पूर्वींच उपाय शोधून ठेवला आहे, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम शब्दच पाहूं. प्रमाण मराठींत गाऱ्हाणें म्हणजे तक्रार. सासूचें सुनेविषयीं गाऱ्हाणें असतें, भाडेकऱ्याचें घरमालकाविषयीं असतें. आणि गाऱ्हाणीं सांगणारा मनुष्य आला म्हणजे लोक हळूच दुसऱ्या वाटेनें जातात. मालवणींत मात्र गाऱ्हाणें सांगत नाहींत, तें 'घालतात'. क्रियापद बदललें म्हणजे अर्थ कसा बदलतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे. सांगितलेलें गाऱ्हाणें कोणाच्या तरी विरुद्ध असतें; घातलेलें गाऱ्हाणें कोणाच्या तरी पुढें असतें. पहिल्यांत दोष देणें आहे, दुसऱ्यांत मागणें आहे. एकाच शब्दाच्या पोटीं या दोन वृत्ति नांदाव्या आणि घाटावरील भाषेनें त्यांतील कुरकूर तेवढी उचलावी, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

ज्यांनीं गाऱ्हाणें ऐकलें नाहीं, त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गुरव, घाडी किंवा गांवऱ्हाटींतील एखादा मानकरी देवापुढें उभा राहतो. ज्याचें मागणें असतें तो बाजूस हात जोडून उभा असतो, आणि मागें जमलेली मंडळी असते. प्रथम देवतांस हांक मारली जाते. रवळनाथ, सातेरी, पूर्वस, गांवचा राखणदार, सीमेवरचा देवचार अशा सर्वांचीं नांवें येतात; कोणी राहूं नये याची काळजी घेतात. सातेरी कित्येक गांवीं वारुळाच्या रूपानें पूजिली जाते. आरवलीचा वेतोबा रात्रीं गांवांत फेरी घालतो अशी श्रद्धा असल्यामुळें त्याला भल्या मोठ्या चपला वाहतात. म्हणजे ज्यांना हांक मारावयाची ते आकाशांतले परके अधिपति नव्हेत. गांवची माती आणि गांवच्या वाटा त्यांच्या पायांखालच्या आहेत. त्यानंतर मागणाराचें नांव, त्याचें घर, त्याची अडचण, मग हातून कांहीं चुकलें असल्यास त्याची कबुली, मग मागणें, आणि शेवटीं मागणें पुरें झालें तर काय करूं याचें वचन. गांवोगांव हा क्रम थोडा इकडे तिकडे होतो. परंतु एक गोष्ट कोठेंही चुकत नाहीं. प्रत्येक वाक्याच्या शेवटीं वक्ता क्षणभर थांबतो, आणि जमलेले लोक एका आवाजांत 'व्हय म्हाराजा!' म्हणतात.

टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां या रचनेंत तीन गुण दिसतात. पहिला गुण नेमकेपणाचा. गाऱ्हाण्यांत 'संकट', 'दुःख', 'विपत्ति' असले मोघम शब्द टिकत नाहींत. मुलाला मुंबईस नोकरी नाहीं, गाय दूध देत नाहीं, होडीस मासळी लागत नाहीं, असें स्पष्ट म्हणावें लागतें. कारण मोघम वाक्याला 'व्हय म्हाराजा' जोरानें म्हणतां येत नाहीं. दुसरा गुण असा कीं, मागणारा स्वतः बोलत नाहीं. त्याची अडचण दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येते, आणि तीही अशा मनुष्याच्या तोंडून, कीं ज्याचें तें कामच आहे. त्यामुळें मागण्याच्या क्षणीं जिभेला जो कांपरा सुटतो, त्याचें ओझें मागणारावर पडत नाहीं. तिसरा गुण त्या होकाराचा. भजनांतलें पालुपद गोडीकरितां असतें. येथला होकार साक्षीकरितां असतो. ज्यानें 'व्हय' म्हटलें, त्याला ती अडचण माहीत झाली. आणि माहीत झाली हें त्याला पुढें नाकारतां येत नाहीं.

आतां याच्या शेजारीं आमचें सुशिक्षितांचें गद्य ठेवून पाहावें. पूर्वीं आमच्या घरांतून जीं पत्रें जात, तीं वाचकांनीं आठवावीं. आरंभीं सर्वांची खुशाली, मग पाऊसपाणी, मग मुलांच्या परीक्षा, मग 'कळावें, लोभ असावा'. आणि खरें काम ताज्या कलमांत, कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत. ज्यासाठीं पत्र लिहावयाचें, तीच गोष्ट पत्राबाहेर पडत असे. आज पत्रें गेलीं आणि दूरध्वनि आला. तरी अर्धा तास बोलून झाल्यावर, ठेवतां ठेवतां, 'बरें, एक विचारायचें होतें' म्हणण्याची आमची रीत कायम आहे. त्यावर 'राहूं द्या, विशेष कांहीं नाहीं' अशी पुस्ती जोडून आम्ही पुष्कळदां तेंही गिळून टाकतों.

ही लाज आमच्यांत कोठून आली? भीड जुनीच आहे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण काल जन्मली नाहीं. परंतु तिला तत्त्वाचा मुलामा इंग्रजी शिक्षणानें दिला, असें आमचें अनुमान आहे. सॅम्युएल स्माइल्सचें 'सेल्फ हेल्प' हें पुस्तक १८५९ सालीं निघालें, आणि स्वावलंबन हा सद्गुणांचा राजा होऊन बसला. गंमत अशी कीं, पुस्तकाचें नांव फसवें झालें, लोक त्यांत स्वार्थाची स्तुति पाहतात, अशी खंत खुद्द स्माइल्सनेंच पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेंत व्यक्त केली. ती प्रस्तावना आमच्यापर्यंत पोंचली नाहीं. नांव मात्र पोंचलें. डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालीं लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेलें पत्र आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों, आणि त्यांतील मानी बाणा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवीत आलों. त्या पत्रामागें एका गरजू मनुष्यानें सात वर्षांपूर्वीं दाराबाहेर थांबून केलेलें, आणि फुकट गेलेलें, एक मागणें आहे, हें आम्ही त्यांस कधीं नीट सांगितलें नाहीं.

याचें फळ आम्हांस पाहावें लागलें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत किनाऱ्याकडील एक विद्यार्थी होता. बुद्धीनें तल्लख, बोलण्यांत कमी. दुसऱ्या सहामाहींत तो येईनासा झाला. परीक्षेस बसला नाहीं, आणि आम्हीं हजेरीपुस्तकांत त्याच्या नांवापुढें रेघ ओढली. पुढें त्याच्या एका सोबत्याकडून कळलें, कीं बापाची होडी वादळांत फुटली होती, फीचे पैसे नव्हते, आणि हा मुलगा तीन वेळां आमच्या दारापर्यंत येऊन परत फिरला होता. रक्कम अशी कीं आमच्या घरांत ती कोणालाही जाणवली नसती. तो मागावयास भ्याला. परंतु ती भीति त्याला शिकविणारांत आम्हीही होतों. त्यानें आमच्याच तोंडून जॉन्सन ऐकला होता.

आमचें स्वतःचें वर्तन त्याहून निराळें नव्हतें, हेंही कबूल केलें पाहिजे. वडील वारल्यानंतर गांवचें घर आमच्या वांट्यास आलें. एका उन्हाळ्यांत जाऊन पाहतों तों आढ्याला वाळवी लागलेली, वासे खचलेले, आणि मृग तोंडावर आलेला. मजूर मिळत नव्हते. जे होते ते दुसरीकडे गुंतले होते. शेजारीपाजारीं चार धट्टेकट्टे गडी होते, परंतु तीस वर्षें ज्यांच्याकडे आम्ही फिरकलों नाहीं, त्यांस आतां कोणत्या तोंडानें बोलवावें? आम्ही आठ दिवस छपराकडे पाहत बसलों. शेवटीं म्हाताऱ्या गुरवानें विचारलें, आणि आम्हीं संकोचानें सांगितलें. तो हंसून म्हणाला, "देवाक सांगतंस, मगे शेजाऱ्याक सांगूक काय झाला?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यानें देवळांत आमच्यासाठीं गाऱ्हाणें घातलें. अमक्याचा मुलगा आला आहे, घराचें आढें मोडलें आहे, त्याच्याजवळ पैसा असेल पण हात नाहींत, इतकीं वर्षें तो आला नाहीं ही त्याची चूक झाली, ती पदरांत घ्यावी, असें त्यानें खणखणीत आवाजांत सांगितलें. शरमेनें आमची मान खालीं गेली. मागून 'व्हय म्हाराजा' उठलें. तें ऐकतांना आम्हांस पहिल्यानें कळलें, कीं आमच्या चुकीलाही लोक 'व्हय' म्हणत आहेत, आणि तरी कोणी निघून गेलेलें नाहीं. देवळाच्या पायऱ्या उतरण्यापूर्वींच तिघांनीं उद्यां सकाळीं येतों म्हणून सांगितलें. छप्पर पांच दिवसांत उभें राहिलें.

त्या पांच दिवसांत गाऱ्हाण्याचें वाङ्मयीन मर्म आमच्या ध्यानांत आलें. गाऱ्हाण्याचें तोंड देवाकडे असतें, पण त्याचे कान मागें उभे असतात. संबोधन वरच्याला, श्रवण शेजारच्याला. ही योजना कोणी एका कवीनें बसून केलेली नाहीं, परंतु कोणत्याही नाटककारानें हेवा करावा इतकी ती सूक्ष्म आहे. मागणाराला शेजाऱ्यापुढें वांकावें लागत नाहीं, कारण तो देवापुढें वांकला आहे. शेजाऱ्याला उपकारकर्त्याचा तोरा मिरवितां येत नाहीं, कारण त्याच्याजवळ कोणी मागितलेलेंच नाहीं. त्यानें केवळ ऐकलें आहे. दोघांचीही अब्रू राहते आणि काम होतें. देव आहे कीं नाहीं, या वादाचा निकाल कसाही लागो. गाऱ्हाण्यांतला देव हें काम निश्चित करतो.

येथें एक आधुनिक शोध सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंतील फ्लिन आणि लेक या संशोधकांनीं २००८ सालीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांकडे लहानसहान मदत मागावयास लोकांस पाठविलें, आणि किती जण होकार देतील याचा अंदाज त्यांच्याकडून आधीं घेतला. होकार मिळण्याची शक्यता मागणारांनीं जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी धरली होती, असें दिसून आलें. मागणारा आपल्या अडचणीचा भार मोजतो. 'नाहीं' म्हणतांना समोरच्यालाही जड जातें, हें तो हिशेबांत घेत नाहीं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यानें १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दानाचीं तीन बंधनें सांगितलीं: देणें, घेणें आणि परत करणें. यांतील 'घेणें' हेंही कर्तव्य आहे, ही गोष्ट आमच्या नीतिपाठांत कोणी घातली नाहीं. मालवणच्या वाळूंत मात्र ती रोज दिसते. रापणीचें जाळें होडीनें अर्धवर्तुळांत टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात. दोन माणसांचें तें काम नव्हे. हांक मारण्याची तेथें लाज नाहीं, आणि दोराला हात लावणाराच्या पदरीं थोडी मासळी पडतेच. उपकार कोणी कोणावर केला, हें कोणी विचारीत नाहीं.

कोणी म्हणेल, मागण्याचें धैर्य आमच्या मध्यमवर्गानेंही दाखविलेंच आहे. महर्षि कर्वे यांचें काय? आक्षेप योग्य आहे. स्वभावानें अत्यंत लाजाळू असलेल्या या गृहस्थानें १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली, १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, आणि त्यांसाठीं दारोदार वर्गणी मागितली. सत्तरी उलटल्यावर पृथ्वीपर्यटनही केलें. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'आत्मवृत्त' हें भिडस्त मनुष्यानें भिडेवर कशी मात केली याचें मराठींतील एक उत्तम पुस्तक आहे. परंतु बारकाईनें पाहावें. कर्व्यांनीं मागितलें तें संस्थेसाठीं. परार्थ मागणें आमच्या वर्गाला जमतें. त्यांत त्यागाचें तेज असतें. अवघड आहे तें स्वतःसाठीं मागणें, आपल्या मोडक्या आढ्यासाठीं, आपल्या न भरलेल्या फीसाठीं. गाऱ्हाण्याचा विशेष हा कीं, त्यांत हा भेद पुसला जातो. एकाची अडचण सर्वांच्या तोंडून वदविली जाते, आणि त्या एका क्षणापुरती ती सार्वजनिक होते.

गाऱ्हाण्याची मुंबईकर रसिकांस ओळख झाली ती मुख्यत्वें रंगभूमीवरून. गंगाराम गवाणकर यांचें 'वस्त्रहरण' हें नाटक १९८० सालीं रंगमंचावर आलें. पुढच्याच वर्षीं, १ मे १९८१ रोजीं, सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. मच्छिंद्र कांबळी यांनीं मालवणी बोलीला आणि तिच्यांतल्या गाऱ्हाण्याला जी टाळी मिळवून दिली, ती त्यापूर्वीं कोणी मिळविली नव्हती. ज्या बोलीची आम्ही शहरांत लाज बाळगीत होतों, ती प्रेक्षकांनीं डोक्यावर घेतली. हें ऋण मोठें आहे. पण रंगमंचावर गेल्याबरोबर गाऱ्हाण्याचें एक अंग पातळ झालें, हेंही नमूद केलें पाहिजे. नाट्यगृहांतला प्रेक्षक 'व्हय म्हाराजा' ऐकून हंसतो. तो साक्षी होत नाहीं. 'वस्त्रहरणा'ला हा दोष लागत नाहीं, कारण साधनें नसतांना महाभारत उभें करूं पाहणाऱ्या गांवकऱ्यांचेंच तें नाटक आहे, आणि त्यांतल्या हंसण्याखालीं परस्परांवांचून चालत नसलेल्या माणसांची माया आहे. परंतु त्याच्या अनुकरणानें पुढें सभासमारंभांतून जीं विनोदी गाऱ्हाणीं निघालीं, त्यांत उरला तो केवळ हेल. मागणें गेलें आणि नक्कल राहिली.

स्तुति करतांना आम्ही वाहवत जाऊं नये म्हणून मूळ प्रकारांतले दोषही सांगतों. गाऱ्हाणें घालण्याचा अधिकार परंपरेनें ठराविक घराण्यांतील पुरुषांकडे राहिला. बाईला मागावयाचें असेल तर तिनें गुरवाच्या कानांत सांगावें, आणि त्यानें तें आपल्या शब्दांत मांडावें. कित्येक दुःखें अशीं असतात कीं तीं पुरुषाच्या कानांतही सांगवत नाहींत. तीं त्या प्रकारांत कधीं आलींच नाहींत. मानकऱ्यांच्या उतरंडींत ज्यांस सभामंडपाबाहेर उभें केलें गेलें, त्यांचा होकार कोणीं मोजला? शिवाय देवाच्या नांवावर मागण्याची संवय लागली, म्हणजे माणसाकडे सरळ मागण्याचें धैर्य तितकेंच अपुरें राहण्याचा संभव असतो. गुरवाच्या त्या प्रश्नाचा रोख आम्हांवर होता तसा तो त्याच्या स्वतःच्या व्यवसायावरही होता, हें त्याला ठाऊक असावें.

तरी या प्रकारांत एक शहाणपण असें आहे, कीं तें या दोषांसह टिकेल. गाऱ्हाण्यानंतर कौल घेतात. देवाच्या मूर्तीवर फुलें किंवा पाकळ्या चिकटवितात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगांत छापलेला नसतो. तोही कौल घेऊन ठरतो. म्हणजे मागणारा जेव्हां उभा राहतो, तेव्हां 'नाहीं' हें उत्तर येऊं शकतें हें त्यानें आधींच मान्य केलेलें असतें. डावा कौल मिळाला म्हणून कोणी देवळांत येण्याचें सोडीत नाहीं, कीं देवावर रुसून बसत नाहीं. आमच्या भीतीचें मूळ येथेंच आहे. आम्ही नकाराला अपमान समजतों. ते त्याला डावा कौल समजतात. अपमान जन्मभर सलतो. डावा कौल पुढच्या खेपेपर्यंतचा असतो.

तो विद्यार्थी आतां कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. शोध केला, लागला नाहीं. त्या छपराच्या पांच दिवसांनंतर एक गोष्ट मात्र आम्हीं सुरू केली आहे. दरवर्षीं जूनमध्यें पहिल्या तासाला, पुस्तक उघडण्यापूर्वीं, आम्ही वर्गाला सांगतों कीं आमची स्वतःची पहिल्या वर्षाची फी गांवच्या एका किराणा दुकानदारानें भरली होती. वडिलांनीं त्याच्याजवळ ती मागितली, तेव्हां आम्ही शरमेनें दुकानाबाहेर उभे होतों. हें वाक्य तीस वर्षें आमच्या तोंडांतून निघालें नव्हतें. पहिल्या वर्षीं तें सांगितलें तेव्हां वर्ग स्तब्ध राहिला. कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलें नाहीं, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण त्या आठवड्यांत एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशीं आली, घुटमळली, आणि परत न फिरतां आंत आली. जॉन्सनचें पत्र आम्ही अजूनही शिकवितों. फक्त आतां त्याच्या आधीं, तो दाराबाहेर कां थांबला होता, हें सांगतों.